आईच्या पाठीवरचा फास्टॅग: वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

माननीय व्यवस्थापक मंडळ आणि संचालक मॅडम,

नमस्कार. तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर आलं, "आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे", फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये, म्हणून शेवटी हे उघड लिहितोय. संस्थेचं नाव यात नाही आणि टाकणारही नाही, एक तर बदनामी करायची नाहीये आणि दुसरं, खरं सांगायचं तर माझी आई अजून तुमच्याकडेच आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कॉटवर. पण त्या मजल्यावर ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी हे वाचावं, आणि ज्या बाकीच्या संस्था असली सिस्टिम घ्यायचा विचार करतायत त्यांनीही एकदा वाचावं.

विषय अंगावर चिकटवायच्या टॅगचा, म्हणजे माणूस खोलीतून बाहेर पडला की दाराजवळच्या यंत्राला कळावं म्हणून लावायच्या छापील पट्टीचा. तुमचं पत्रक १ तारखेपासून लागू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या पाठीवर टॅग सक्तीचा, महिन्याला ९०० रुपये "डिजिटल केअर" म्हणून बिलात. आणि एक गोष्ट पत्रकात नव्हती, ती मला आत आल्यावर कळली, रात्रपाळीला जिथे तीन मावशी असायच्या तिथे आता एकच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. माझं भोसरीला एमआयडीसीत लेबल छपाईचं छोटं युनिट आहे, चौदा वर्षं झाली. लोणच्याच्या बरण्या, औषधांच्या बाटल्या, गाड्यांच्या पार्टवरचे बारकोड आणि अलीकडे आरएफआयडीची, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी लेबलं. गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो ना, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सगळ्यांना सक्तीचा झाला तो, त्याचीच ही भावंडं. त्यामुळे तुमच्या मॅनेजरसाहेबांनी "तुम्हाला टेक्नॉलॉजी समजत नाही हो" असं ऐकवलं तेव्हा मला हसूच आलं. आणि एक कबुली देऊन टाकतो, उगाच नंतर दुसरं कोणी सांगायला नको. या टॅगचं पहिलं कोटेशन तुमच्या परचेसवाल्यांनी माझ्याकडेच मागितलं होतं आणि मी काही नाही म्हणालो नव्हतो, उलट खूश झालो होतो. आईला अल्झायमर आहे, ती भटकते, तिला कुलपात ठेवण्यापेक्षा हे बरं असं मलाही वाटलं होतं. काम नंतर दुसऱ्याला गेलं. त्याचा राग काढतोय असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे, मी त्याला काही करू शकत नाही.

हे टॅग बनतात कसे ते सांगायला लागेल, कारण सगळी गोम तिथेच आहे. लहानपणी बबलगमबरोबर पाण्याने चिकटवायचे टॅटू मिळायचे, साधारण तसलाच कागद. त्यावर इंकजेटने अँटेना छापायची, फक्त शाई चांदीची, म्हणजे चांदीचे नॅनोमीटरमध्ये मोजायचे कण द्रवात मिसळलेले. प्रिंटरच्या हेडमधून पिकोलिटरचे, म्हणजे अगदी बारीक थेंब पडतात, रेघ उमटते, पण ती नुसती वाळून उपयोग नाही, कण अजून सुटे असतात, त्यातून वीज धड जात नाही. मग ओव्हनमध्ये भाजायचं. कण एकमेकांना चिकटले की रेघ तारेसारखी वागायला लागते. आता गंमत अशी की टॅटूचा कागद दीडशे डिग्रीच्या आसपास गेला की त्याची वाट लागते, म्हणून भाजणं जरा कच्चंच ठेवावं लागतं, आणि एका पासमध्ये थर एवढा पातळ बसतो की दोनतीन वेळा त्याच जागी छापावं लागतं. जरा हेड हललं की कडा फाटतात. मग त्यावर चिप, वाटाणा दूरच, मोहरीपेक्षाही लहान, ती वीजवाहक गोंदाने बसवायची. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि केंट या दोन युनिव्हर्सिट्यांच्या लोकांनी असल्या टॅटूवरच्या टॅगचा रिसर्च पेपर २०१३ साली छापला, कोटेशनच्या वेळी मी तो डिक्शनरी घेऊन वाचला. चांदी महाग म्हणून अँटेनाच्या ज्या भागातून करंट फारसा जात नाही तिथली शाई वगळून बघायची, असंही केंटवाल्यांनी पुढे केलं. डोकं आहे लोकांना. मला त्या कामाबद्दल आदरच आहे, भांडण तिथे नाही.

भांडण काच आणि कातडी यातल्या फरकाचं आहे. टॅगमध्ये बॅटरी नसते, रीडर म्हणजे टॅग वाचणारं यंत्र लहरी फेकतं, त्यातूनच चिपला जागं व्हायला ताकद मिळते. आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. काचेवरचा फास्टॅग टोलनाक्यावर काही मीटरवरून आरामात वाचला जातो. माणसाचं अंग म्हणजे या लहरींच्या हिशोबाने मिठाच्या पाण्याची पिशवी, टॅग तिला चिकटवला की अर्धीअधिक ताकद अंगच पिऊन टाकतं आणि काचेवर जुळवलेली अँटेना अंगावर बेसूर होते. म्हणून कातडीसाठी अँटेनाचं डिझाइन वेगळं करतात, तरी रेंज कमी ती कमीच. आणि मधे अख्खा माणूस आला तर विषयच संपला.

हे मी पेपरात वाचून बोलत नाहीये. ओळखीच्या एका सरांच्या लॅबमधून नमुने छापून आणले, डाव्या हातावर लावला, आणि शॉपमध्ये हँडहेल्ड रीडर पोराच्या हातात देऊन उभा राहिलो. हात पुढे केला, एक पाऊल अंतर, बीप. दोन पावलं, कधी बीप कधी गप्प. दुपारी मशीनजवळ घाम आल्यावर अंतर अजून कमी झालं. टॅगवर तळहात ठेवला, गप्प. हात पाठीमागे घेतला, गप्प. पॅकिंगचा पोरगा दात काढत म्हणाला, "शेठ, तुम्ही गायब."

म्हणून कोटेशनच्या खाली मी मराठीत, ठळक अक्षरात लिहून दिलं होतं. दारात एक रीडर पुरणार नाही, दोन्ही बाजूंनी लावा, आणि टॅग दिसला नाही म्हणजे माणूस खोलीतच आहे असं कृपा करून धरू नका. तो कागद तुमच्या फाइलीत असेल, शोधा.

आता डिसेंबरमधली ती पहाट.

आम्ही चाळीत राहायचो तेव्हा नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं, पाऊण तास. आई चाळीस वर्षं साडेचारला उठली. आता ती मला कधी दादा म्हणते कधी डॉक्टर, पण साडेचारला उठतेच, थंडी असो पाऊस असो. तुमच्या रात्रपाळीच्या जुन्या मावशींना हे माहीत होतं. त्या बाथरूमच्या नळाखाली एक निळी बादली लावून ठेवायच्या, हातात तांब्या द्यायच्या, आई बसून तांब्या तांब्याने बादली भरायची, भरली की "झालं गं बाई" म्हणायची आणि परत जाऊन झोपायची. वीस मिनिटांचा खेळ. मावशी मग ते पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घालायच्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एकदा ती तापली म्हणून मी रात्री थांबलो होतो तेव्हा बघितलं, आणि मावशींना म्हटलं की तुम्ही हे रोज करता? तर म्हणाल्या, न करून सांगता कुणाला, खाली टाकीवर जाईल की ती.

आणि बरोबर तेच झालं. त्या मावशींना तुम्ही कमी केलंत. उरलेल्या एका मावशी पहिल्या मजल्यावर एका आजोबांना उलट्या होत होत्या तिथे अडकल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही, एक माणूस दोन मजल्यांवर कसा असणार. आई उठली, बादली नाही, तांब्या नाही, निघाली. रीडर कॉरिडॉरच्या समोरच्या भिंतीवर, टॅग पाठीवर, आणि मध्ये आई. दारातून बाहेर आली ती रीडरकडे तोंड करून आली, वळली ती जिन्याच्या बाजूला, दारातून सुटली. ऑफिसातल्या स्क्रीनवर तिचा ठिपका हिरवा, "खोलीत". सहाला दूधवाला आला त्याने तिला मागच्या टाकीपाशी बघितलं, चप्पल नाही, गाऊन गुडघ्यापर्यंत ओला, टाकीचा नळ सोडून ओंजळीने पाणी धरत बसलेली. सव्वा तास. ठिपका तेव्हाही हिरवाच होता, मी लॉग मागून बघितलाय.

नंतर दोन दिवस ताप. आणि तुमच्या व्हेंडरचा एक पानी रिपोर्ट, त्यात वाक्य असं आहे की सिस्टिममध्ये कोणताही दोष आढळला नाही, टॅग रीड झाला नाही. मी हे वाक्य शॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

दुसरी तक्रार पाठीची. या वयात कातडी कागदासारखी पातळ होते, हे तुमच्या सिस्टरना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दर चारपाच दिवसांनी टॅग सुटायला लागतो, मग जुना ओढून काढायचा आणि नवा लावायचा. तो पाण्याने भिजवून, कातडी दाबून धरून, हळूहळू गुंडाळत काढायला हवा, ओरबाडून नाही. आईच्या पाठीवर दोन रुपयांच्या नाण्याएवढी साल निघालीये, दोन ठिकाणी, आणि तिसरा टॅग त्याच्या शेजारीच लावलाय. मी व्हेंडरकडे विचारलं की या गोंदाची, या कागदाची, या शाईची कातडीवर टेस्ट झालीये का, अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी आयएसओ १०९९३ म्हणून स्टँडर्ड आहे, त्याचा रिपोर्ट द्या. तर त्यांनी मला प्रिंटरचं ब्रोशर पाठवलं. मीही ग्राहकाला कधी कधी ब्रोशर पाठवतो, पण बरणीच्या लेबलासाठी.

तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागली. आईच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, लग्नाच्या आधीचं, हिरवं पडलंय आता. ती गोष्ट ती अजून सांगते, गोंदणारी बाई दारात बसली होती, आजी हात धरून होती, दुखलं पण रडले नाही. टॅग लावताना तुमच्या स्टाफने तिला सांगितलं, "आजी, औषधाची पट्टी आहे." गेल्या रविवारी मी पाठीला तेल लावत होतो तर मला म्हणते, "पाठीवर कुणी गोंदलं रे? विचारलं पण नाही." मी काय उत्तर देणार होतो. सही तर माझीच आहे, ॲडमिशन फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "संस्थेच्या सर्व सुरक्षा उपायांना संमती" असं काहीतरी आहे, तीन वर्षांपूर्वी केलेली, तेव्हा टॅगचा पत्ताच नव्हता. त्या सहीला तुम्ही आता टॅगची संमती म्हणताय. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा काय म्हणतो ते तुमच्या वकिलांना विचारा, संमती कशासाठी घेतोय ते स्पष्ट सांगून घ्यायची असते, आणि ती मागेही घेता आली पाहिजे.

चौथी तक्रार तुम्ही कोणीच बघितलेली नाही याची मला खात्री आहे. मी माझा हँडहेल्ड घेऊन आलो होतो आणि आईचा टॅग वाचला. या चिपच्या ओळख नंबरात ९६ बिट असतात, म्हणजे इंग्रजी बारा अक्षरं मावतात. नियम असा की तिथे नुसता नंबर लिहायचा, त्या नंबरचा माणूस कोण हे सर्व्हरमध्ये ठेवायचं. तुमच्या व्हेंडरने तिथे थेट आमचं आडनाव आणि खोली नंबर लिहिलाय. पासवर्ड फॅक्टरीतून येतो तसाच, सगळी शून्यं, म्हणजे पासवर्ड नाहीच. लॉकही केलेला नाही. मनात आणलं असतं तर आईच्या पाठीवर मी शेजारच्या काकूंचं नाव लिहू शकलो असतो, दोन सेकंदांचं काम, बीपसुद्धा होत नाही. आणि तुम्ही पत्रकात लिहिलंय की यापुढे औषधं टॅग स्कॅन करून दिली जातील! काकूंना शुगरची इंजेक्शनं चालू आहेत, आईला शुगर नाही. बाकी लिहायची गरज नाही.

तुमच्या बाजूने पण एक सांगतो. नातेवाईकांच्या ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरतंय की या टॅगमुळे कॅन्सर होतो, मेंदू आणखी खराब होतो, ते साफ चूक आहे, मी तिथे तसं लिहिलं आणि दोन शिव्यापण खाल्ल्या. टॅग स्वतःहून काही फेकत नाही, रीडरच्या लहरी परतवतो फक्त. ही चर्चा रेडिएशनवर गेली की तुम्हाला उत्तर द्यायला सोपं जातं आणि बाकीचं मागे पडतं, म्हणून माझी नातेवाईकांनाही विनंती आहे, ते भूत आणू नका. एवढंच बघा की एमआरआयला नेताना टॅग आहे हे तिथल्या माणसांना आधी सांगा, अंगावर धातू आहे आणि पाठीमागे असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

मागण्या सांगतो.

पहिली, आणि ही पूर्ण झाल्याशिवाय बाकीच्यांवर बोलायलाही मी तयार नाही: रात्रपाळीला दुसऱ्या मजल्यावर परत तीन माणसं. कमी केलेल्या मावशींनाच बोलवा, जमलं तर. ९०० रुपये सिस्टिमचे बंद करा, मावशींच्या पगारासाठी मागा, मी देतो, बाकीचे पण देतील असं मला वाटतं, निदान विचारून तर बघा.

सक्ती काढा. ज्यांना टॅग हवा त्यांच्याकडून नवी लेखी संमती घ्या, एका पानाची, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि लावताना त्या माणसाला खरं काय आहे ते सांगा. कळेल न कळेल, सांगायचं.

कातडीवरच लावायचा हट्ट का? मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी मोजायला कापडात शिवायचे धुता येणारे टॅग मिळतात, आमच्याच लाइनमधला माल आहे, ते गाऊनच्या खांद्यावर शिवा. कातडीपासून थोडं जरी अंतर मिळालं तरी वाचन सुधारतं आणि सालही निघत नाही. छापील टॅटूच वापरायचा असेल तर आधी दंडावर एक दिवस लावून बघा, टेस्ट रिपोर्ट भिंतीवर लावा, आणि काढायची पद्धत सिस्टरांकडून सगळ्यांना शिकवून घ्या.

स्क्रीनवरचा हिरवा ठिपका काढून टाका. त्या जागी फक्त एवढं दाखवा, "शेवटचा दिसला: ४ वाजून १० मिनिटं, दुसरा मजला". सिस्टिमला तेवढंच माहीत असतं. अर्धा तास कोणी दिसलं नाही तर घंटा वाजू दे आणि माणसाने जाऊन बघू दे.

चिपमधली नावं आजच्या आज पुसा, नंबर टाका, पासवर्ड लावा, मेमरी लॉक करा. तुमच्या व्हेंडरला येत नसेल तर माझ्याकडे पाठवा, फुकट करून देतो. औषधं मात्र टॅग बघून देऊ नका, चेहरा बघून, नाव विचारून आणि केसपेपर बघूनच द्या, जशी आजपर्यंत देत होतात. आणि हा येण्याजाण्याचा डेटा कोण बघतं, किती दिवस ठेवता, व्हेंडरकडे जातो का, हे लेखी सांगा.

पंधरा दिवसांत उत्तर द्या, मेलचं छापील उत्तर नको, बैठक लावा आणि दुसऱ्या मजल्याच्या सगळ्या नातेवाईकांना बोलवा. नाही झालं तर मी आईचा टॅग स्वतः काढणार आहे, आणि मग ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली जिथे अर्ज करायचा असतो तिथे करणार. मला तिला तिथून हलवायचं नाहीये. जागा चांगली आहे, जेवण चांगलं आहे, झाडं आहेत, तिला तिथलं सवयीचं झालंय, म्हणून तर एवढं लिहितोय, नाहीतर गाडीत घालून घरी आणली असती.

येत्या रविवारी पहाटे मी हँडहेल्ड घेऊन येतोय, तुमच्या मॅनेजरसाहेबांसमोर सगळ्या दारांतून चालून दाखवतो की टॅग कुठे दिसतो आणि कुठे नाही. चार वाजता वॉचमनला गेट उघडायला सांगून ठेवा. बादली मी बरोबर आणतो, निळी होती ती फुटलीये असं कळलं.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या आजींचा मुलगा